उघड साक्ष

आमच्या आईच्या मते माणसाने दोनच ठिकाणी मान खाली घालून, विचारलं तेवढंच बोलावं: मुलगी बघायला पाहुणे आले की, आणि कोर्टात. त्यामुळे दिल्लीहून संसदेची समिती मुंबईत येणार आणि तिच्यापुढे आपल्या थोरल्या मुलीला बोलायचंय, हे कळल्यावर तिने ताईची तयारी दोन्ही पद्धतींनी करून घेतली. अबोली रंगाची साडी काढून इस्त्री केली. "गीतेवर हात ठेवूक सांगतले तेवा उजवो हात ठेव," असं चार वेळा बजावलं. शिवाय नारळाच्या वड्या केल्या. पाहुणे दिल्लीहून येणार, त्यांच्या हातावर काही ठेवायला नको का?

"अहो, त्यांना असलं काही द्यायचं नसतं. लाच होते ती," आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

"वडीची लाच?" आईने विचारलं. तिला हे काही केल्या पटेना. वड्या डब्यात भरल्याच.

हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. आम्ही घाटकोपरला दोन खोल्यांत राहत होतो. बाबा पूर्वी गिरणीत होते, आता साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर लागले होते. मी एका कचेरीत टायपिस्ट होते. ताई लग्न होऊन भांडुपला, कोकणातल्या आमच्याच गावच्या लोकांत गेली होती आणि दीडेक वर्षात परत आली होती. सासरच्यांना आधी स्कूटर हवी होती, मग बाबांचा फंड. दोन्ही मिळेना, तेव्हा एका संध्याकाळी तिला माहेरी सोडून गेले ते गेलेच. आई शेजारणींना सांगायची, तब्येतीसाठी आणलीय. पुढे दोन वर्षं ताईची तब्येत सुधारतच होती.

मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका. सगळं घाटकोपर त्यांना नुसतं बाई म्हणायचं. त्यांनीच पेपरातली जाहिरात वाचली होती. हुंडाबंदीचा जुना कायदा होता, पण तो कुणाला लागलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. आता तो सुधारायचा म्हणून संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या खासदारांची एक समिती नेमली होती आणि ती गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकत होती. माझी तोवर समजूत अशी की मंत्री सही करतात आणि कायदा होतो. बाईंनी आम्हाला मंडळाच्या शिवणवर्गात बसवून सगळं समजावलं. आधी समिती ऐकून घेते, सरकारी अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारते, मग अहवाल देते. त्यावरून सरकार विधेयक मांडतं. मग सभागृहात एकेका कलमावर वाद होतो, दुरुस्त्या सुचवल्या जातात, मतं पडतात. एका सभागृहात झालं की पुन्हा दुसऱ्यात तेच. एवढं सगळं झाल्यावर राष्ट्रपतींची सही.

"म्हणजे शिजायच्या आधीच मीठ किती घालायचं ते आपल्याला विचारतायत," ताई म्हणाली. शिवणयंत्रावरून तिने मानही वर केली नव्हती. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मंडळातर्फे कोण बोलणार हे माझ्या मते तेव्हाच ठरलं. बाई, ताई, आणि निवेदन टाइप करते म्हणून मी.

आईचा विरोध बोलण्याला नव्हता, उघड बोलण्याला होता. त्याला कारण मी होते. चेंबूरचं एक स्थळ मला सांगून आलं होतं आणि जवळजवळ जमल्यात जमा होतं. मुलगा एका कंपनीत होता, हसताना अख्खा हसायचा, आणि मला तो फार आवडला होता. लपवण्यात काय अर्थ आहे? त्या लोकांना ताईचंही 'तब्येतीसाठी' असंच सांगितलेलं. बाईंकडून आईला कळलं की समितीपुढची साक्ष हवी तर गुप्त ठेवता येते. झालं. तिने ताईला समोर बसवलं.

"तुका काय बोलूचा ता बोल. पण गुपीत ठेवा म्हणान आदी सांग. भयणीचा लगीन होवंदे, मग काय ता गावभर सांग."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

समिती शहरातल्या एका सरकारी इमारतीत बसली होती. आम्ही बाहेर बाकावर. आईला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती डबा मांडीवर घेऊन दाराकडे डोळे लावून बसली. आमच्या आधी कुठल्याशा खात्याचे एक मोठे अधिकारी आत गेले होते. जाताना शिपायाने त्यांना सलाम ठोकला होता. बाहेर आले ते रुमालाने मान पुसतच. मागून त्यांचा मदतनीस फायली सांभाळत पळत होता.

"ह्येंका काय झाला?" आईने विचारलं.

"सरकारला प्रश्न विचारले," बाई म्हणाल्या.

"सरकाराक? आणि ता गप ऱ्हवान उत्तरा देता?" आईचा चेहरा असा खुलला, की जणू देवगडहून आंब्याची पेटी आली. तिने शिपायाला बोलावून दोन वड्या दिल्या.

आत लांबलचक टेबल होतं. गीता नव्हती. दहाबारा खासदार, त्यांत दोनतीन बायका, आणि कोपऱ्यात भराभर लिहून घेणारे दोघे. अध्यक्ष वयस्कर होते, हिंदीतून बोलत होते. एक मराठी खासदार ताईचं बोलणं त्यांना हिंदीत सांगणार होते. बाईंनी निवेदनातले मुद्दे मांडले. एका सदस्याने सांगितलं की आत्ताच्या अधिकाऱ्यांनाही आम्ही हेच विचारलं, तक्रारी किती आल्या आणि पुढे काय केलंत. उत्तर आलं, लेखी कळवतो. यावर टेबलाभोवती हशा पिकला. "सगळ्या राज्यांत हेच उत्तर मिळतंय," असं कोणीतरी म्हणालं. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. लेखी उत्तर कधी यायला हवं ते त्यांनी कारकुनाला लिहून घ्यायला लावलं.

मग ताईची पाळी आली. अध्यक्षांनी समोरच्या कागदावरून तिला नियम वाचून दाखवला. तुम्ही जे सांगाल ते उघड समजलं जाईल आणि छापलं जाऊ शकेल. त्यातलं काही गुप्त ठेवायचं असेल तर तसं सांगा. मात्र गुप्त ठेवलं तरी संसद सदस्यांना ते वाचायला मिळेल.

मराठी खासदारांनी ते तिला पुन्हा नीट समजावलं. आता ताईने दोनच शब्द बोलायचे होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तेव्हा काय चेहरा केला देव जाणे. बहुतेक रडकाच.

"साहेब, माझ्या सासरी माझ्या थोरल्या दिराचं लग्न झालं होतं," ताई म्हणाली. "ती सून वर्षभरात माहेरी गेली. का गेली ते आमच्या गावच्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तिच्या माहेरच्यांनी बोभाटा नको म्हणून गप्प राहायचं ठरवलं. बाकीचे, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला काढायचं म्हणून गप्प. माझ्या वडिलांना कोणी सांगितलं नाही. ते सगळं गुप्त राहिलं, म्हणून मी त्या घरात गेले. माझं गुप्त ठेवू नका."

मग ताईने स्कूटरपासून सगळं सांगितलं. पोलीस चौकीत काय उत्तर मिळालं तेही सांगितलं. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "बेटी, तुझ्या मते कायद्यात काय असायला हवं?"

ताई गोंधळली. "माझ्या मते?" तिने खात्री करून घेतली. तोपर्यंत तिला जेवणात काय करू, एवढंच मत लोकांनी विचारलं होतं. मग ती म्हणाली, "मुलीला तक्रार करता येत नाही, तिला त्याच घरात झोपायचं असतं. तिच्या वतीने आईबापांना करू द्या. मंडळांना करू द्या." अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. त्या अनोळखी म्हाताऱ्या माणसाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. माझ्या बहिणीला तो प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस होता.

पुढे काही वर्षांनी कायदा सुधारला. आमच्या निवेदनातलं बरंच काही त्यात आलं नाही. पण आईवडिलांना आणि संस्थांना तक्रार करता येईल, हे आलं. असं सांगणाऱ्या बायका देशभर शेकड्यांनी असणार, ते काही एकट्या ताईचं म्हणून आलं नाही. बाईंनी ते पेपरात वाचलं आणि ऐन दुपारी घामाघूम होऊन ताईला सांगायला आल्या. आज संसदेतली आरडाओरड बघून लोक नाकं मुरडतात, मीही मुरडते. तरी कोणी म्हणालं की तिथे आपलं कोण ऐकतंय, तर मी भांडायला उठते.

पण त्या दिवसाचं राहिलं. बाहेर आल्या आल्या आईने विचारलं, "गुपीत ठेवा म्हटलंस मां?"

"नाही," ताई म्हणाली.

आई डबा उचलून चालू लागली. घरी आल्यावर वड्या शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. रात्री जेवली नाही. सकाळी बाबा कामावर गेल्यावर तिने साडी बदलली आणि कुठे ते न सांगता निघून गेली. मी कचेरीत गेले नाही आणि ताई शिवणवर्गाला न जाता दिवसभर बसून होती. मध्येच मला म्हणाली, "तुझं मी वाटोळं केलं गं." मी उठून भांडी घासायला बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं.

आई दिवेलागणीला आली. चपला काढून भिंतीला टेकून बसली.

"चेंबूराक गेललंय," ती म्हणाली. "आपण होवन सगळा सांगलंय. भायरसून कळण्यापरास आपल्या तोंडान बरा. कळवतो म्हणाले." ती माझ्याकडे वळली. "म्हणजे नायच गो, बाय."

मी रडायला लागले. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला आणि मागे घेतला.

"थयसून कांजूरमार्गाक गेलंय," आई पुढे म्हणाली.

कांजूरमार्गला आमचं कोणी नव्हतं. आई सांगू लागली. ताईच्या धाकट्या दिराचं लग्न तिथल्या एका मुलीशी ठरलं होतं. गावच्या एका बाईकडून आईला महिन्यापूर्वीच कळलं होतं. आपल्याला काय करायचंय म्हणून ती गप्प बसली होती. आज मात्र त्या चेडवाच्या, म्हणजे मुलीच्या, घरी ती स्वतः गेली होती.

"चेडवाच्या बापाशीक गाठलंय. माझा नाव सांगलंय, तुझा नाव सांगलंय, काय काय झाला ता सगळा सांगलंय. चेडू दारामागे हुबा ऱ्हवान आयकत होता. माका पाणी तेनाच दिला."

समितीपुढे जिचा आवाजही कापला नव्हता, ती ताई आईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. चेंबूरच्या मुलाचं दुःख मला पुढे बरेच दिवस पुरलं, खोटं कशाला बोलू? पण त्या संध्याकाळी त्या दोघींकडे बघताना मला एवढंच कळत होतं की कांजूरमार्गच्या त्या मुलीला सांगायला कोणीतरी गेलं होतं, आणि ती माझी आई होती.