लागोसच्या लग्नाला वेळेवर

“शमीमताई, आम्ही हॉलवर उभे आहोत आणि इथे लग्नच नाहीये!”

समीर जोगळेकर फोनवर ओरडत होते. दुबईत शनिवारचे दुपारचे चार वाजले होते, म्हणजे लागोसला एक. पत्रिकेवर एकची वेळ छापली होती आणि जोगळेकर कुटुंब बारा पंचावन्नला नटूनथटून हजर होतं.

“कोणीच नाही?”

“खुर्च्या उतरवणारी दोन माणसं आहेत. त्यातला एक मला विचारतो, तुम्ही सरकारी इन्स्पेक्शनला आलात का?”

“आणि अनघाताई?”

“ती काहीच बोलत नाहीये. याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?”

मला चांगलाच कळत होता. 

मी दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बावीस वर्षं काम करते. मूळची राजापूरची, राहते शारजाच्या रोल्लाला. माझं काम आयटिनररी बनवायचं, म्हणजे गिऱ्हाइकाने परक्या शहरात सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत काय काय करायचं त्याचं टाइमटेबल. लागोस मी स्वतः पाहिलेलं नाही. आमच्या धंद्यात ते चालतं. न पाहिलेल्या गावाचं वर्णन करताना तर आमची लेखणी जास्तच धावते.

जोगळेकरांची ही ‘लुक-सी’ ट्रिप होती. कंपनी मोठी बदली करते तेव्हा आधी चार दिवस कुटुंबाला ते शहर दाखवून आणते, ती लुक-सी. समीरना तीन वर्षांसाठी लागोसचा प्लांट सांभाळायला पाठवणार होते. इथली नोकरी संपली की व्हिसा संपला आणि शारजाचं, अल मजाजमधलं घर खलास. अनघाताई हो म्हणाल्या तर तिघं मिळून लागोसला. नाही म्हणाल्या तर समीर एकटे तिकडे आणि त्या तेरा वर्षांच्या इराला घेऊन पुण्याला. तिकीट काढायला आले तेव्हा समीर मला हळूच म्हणाले होते, “ताई, असा प्लॅन करा की ती हो म्हणेल. मला या दोघींशिवाय राहता येणार नाही हो.”

माझे अब्बा एकोणीस वर्षं कुवेतला होते. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचे. पहिला आठवडा मी त्यांच्याशी बोलायला लाजायची आणि जरा बोलायला लागले की त्यांची बॅग भरायची वेळ व्हायची. म्हणून हे काम मी नेहमीचं म्हणून केलं नाही, अगदी जीव ओतून केलं. आणि तिथेच घोळ झाला.

जीव ओतून काय केलं? रोज दोन मॉल, रोज इंडियन लंच, पाच वाजता हॉटेलवर परत. आमच्या दुबईच्या पॅकेजचा साचा असतो, त्यात मी फक्त शहराचं नाव बदललं होतं. वर त्यांना सांगितलं, “एकदम सेफ प्लॅन आहे.”

तो प्रिंट टेबलावर पडला होता तेव्हा फोलाके मॅडम आल्या. त्या लागोसच्याच. वर्षातून तीन-चार वेळा देऱ्यात लेसचं कापड घ्यायला येतात आणि परतीचं तिकीट माझ्याकडून काढतात. आडदांड बाई, आणि आवाज अख्ख्या मजल्याला पुरेल असा. न विचारता कागद उचलला आणि वाचता वाचता हसत सुटल्या.

“शमीम, हबीबी, ही माणसं दुबई सोडून लागोसला मॉल बघायला चाललीत?”

मला राग आला. बावीस वर्षं करतेय म्हटलं, मला शिकवू नका. पण त्यांनी माझंच लाल पेन घेतलं आणि सरळ काट मारायला सुरुवात केली. लेक्कीला जंगल आहे, तिथे झाडांच्या शेंड्यांवरून झुलता पूल आहे आणि खाली माकडं, तिथे मुलीला ने. टार्क्वा बे नावाचा किनारा आहे, होडीनेच जाता येतं, तिथे दुपारभर लाटांत डुंबू दे. लाकडी मुखवट्यांच्या बाजारात दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्याला मागायचं. तो चिडला नाही तर समजायचं आपणच जास्त किंमत बोललो. संध्याकाळी रस्त्यावर सुया खायचा, म्हणजे शेंगदाण्याचा मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मटण, कागदात गुंडाळून, वर कच्चा कांदा.

“आणि शनिवारी माझ्या भाचीचं लग्न आहे. तिथे पाठव.”

“अहो, ओळख ना पाळख...”

“लागोसला येऊन शनिवारी लग्नाला गेला नाही, तर माणूस आला कशाला?” असं म्हणून त्यांनी पिशवीतून निळ्या लेसचं पाच वार कापड काढून माझ्या पुढ्यात टाकलं. याला आसो एबी म्हणतात. लग्नात आपली माणसं ओळखू यावीत म्हणून सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे. अनघाताईंनी रोल्लाच्या टेलरकडून त्याचा कुर्ता शिवून घेतला, पण चेहऱ्यावर उत्साह काही दिसला नाही.

गुरुवारपासून ट्रिप सुरू झाली. झुलत्या पुलावरून इराचा व्हॉइस मेसेज आला, “आँटी, द मंकी टुक माय चिप्स! बेस्ट डे एव्हर!” होडी झाली, सुया झाला. समीरना मी रोज एकच विचारायची, “अनघाताई काय म्हणतात?” रोज उत्तर यायचं, “छान आहे म्हणते. हो म्हणत नाही.”

त्यात शुक्रवारी मोठ्या पुलावर गाडी तीन तास अडकली. लागोसची माणसं त्याला ‘गो-स्लो’ म्हणतात. मी धसका घेतला. शनिवारी लग्नाला उशीर झाला तर फोलाकेंना तोंड कसं दाखवणार? समीरना बजावून सांगितलं, “दहालाच निघा. लग्न कुणासाठी थांबत नाही. अर्धा-पाऊण तास बसा, जेवा आणि अडीचला उठा, कारण चारला सनसेट बोट सुटते.” निकाह म्हणा नाहीतर मुहूर्त म्हणा, आपल्या डोक्यात वेळ म्हणजे वेळ. शनिवारी नेमका रस्ता रिकामा मिळाला.

तर तो चारचा फोन. मी ताबडतोब फोलाकेंना लावला. मागे हेअर ड्रायरचा आवाज.

“मॅडम, हॉलवर कोणी नाहीये!”

“कसं असेल? नवरी इथे माझ्या शेजारी बसलीय, अजून मेकअप व्हायचाय.”

“कार्डवर एक लिहिलंय!”

“एक लिहिलं म्हणून लोक चारला येतात. चार लिहिलं असतं तर सातला आले असते. यल्ला, चल, त्यांना हॉलच्या मागे पाठव. तिथे माझी बहीण आहे.”

मी समीरना तसं सांगितलं. “मागे? मागे काय आहे?” एवढं म्हणून फोन बंद झाला, तो बंदच. पाचला लावला, उचलला नाही. सहाला लावला, उचलला नाही. आमचे बॉस कुरियनसाहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, “शमीम, बोट का व्हाउचर नॉन-रिफंडेबल है ना?” व्हाउचर म्हणजे आधी पैसे भरून मिळालेली चिठ्ठी. वेळ टळली की तिची रद्दी. मी म्हटलं, “सर, अभी बोट को मारो गोली.” बावीस वर्षांत पहिल्यांदा उलट बोलले. मला खरंच रडू येत होतं. एका माणसाने विश्वासाने आपलं घर माझ्या हातात दिलं आणि मी त्याच्या बायकोला रिकाम्या हॉलमागे नेऊन उभं केलं.

सात वाजता मी शारजाच्या बसमध्ये होते. समीरचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

“समीरभाऊ, बोट चुकली हो, माफ करा...”

“कसली बोट? अहो, आत्ता कुठे माणसं यायला लागलीत!”

“अनघाताई कुठायत?”

“स्वयंपाकाकडे. बोलावतोय तर येत नाहीये.”

सोमवारी सकाळी अनघाताई विमानतळावरून तडक ऑफिसात आल्या. डोळ्यांत झोप, बोटांना अजून कांद्याचा वास. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

“मागच्या अंगणात चुलाणांवर एवढाली पातेली. फोलाकेंच्या बहिणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कुर्त्याचं कापड ओळखलं. मला वाटलं, आता बसा म्हणेल, थंड काहीतरी देईल. तिने सुरी दिली आणि म्हणाली, हे कांदे चीर.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, चिरले. मग केळी तळली, आपल्या राजेळी केळ्यांसारखी असतात. सगळ्या मिळून माझी उलटतपासणी करत होत्या. मूल एकच का? सासू कुठे असते? एक म्हणाली, पोरगी वाळलीय, खायला घाल. इरा तिथेच बसून केळी हाणत होती. शेवटी त्यांनीच माझ्या डोक्याला त्यांच्यासारखा फेटा बांधला आणि नाचायला ओढून नेलं.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “शमीमताई, अकरा वर्षं मी अल मजाजला सतराव्या मजल्यावर राहतेय. समोरच्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. दोन दिवस लागोसमध्ये सगळे मला काही ना काही दाखवत होते, आणि मी छान छान म्हणत होते. त्या बायकांनी मला कामाला लावलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

“तिकिटं करा,” त्या म्हणाल्या. “तीन. वन वे.”

टाइप करताना तिन्ही नावांचं स्पेलिंग मी दोनदा तपासलं.

त्यानंतर लागोसचे बरेच प्लॅन केले. जंगल असतं, होडी असते, बाजार असतो. शनिवारची दुपार मात्र मी कोरी ठेवते आणि आधी फोलाकेंना विचारते, कुणाकडे लग्न आहे का. कुरियनसाहेब दर वेळी कागदावर बोट ठेवतात, “शमीम, सॅटरडे को इधर खाली क्यों छोड़ा?”

मी सांगते, “सर, खाली नहीं है. उधर लोग लेट आनेवाले हैं.”