यादीतल्या सहा सुइणी

हल्लीची मुलं सुट्टी काढून परदेशात सेवा करायला जातात आणि निघण्यापूर्वी मला विचारतात, "आजी, बरोबर काय नेऊ?" मी सांगते, टोपी न्या आणि कुणी दिलेल्या यादीवर विश्वास ठेवू नका.

साठ-एकसष्ट साल असेल. मी पुण्यात शाळामास्तरीण, वय बावीस. इंग्रिड नावाच्या डॅनिश नर्सला मे महिन्यात दुभाषी हवी होती. सातासमुद्रापलीकडून ही बाई वऱ्हाडातल्या सुइणींना शिकवायला आली होती, तेही बिनपगारी. मला वाटलं, आपण निदान अकोल्यापर्यंत जायला काय हरकत आहे!

अकोल्याला उतरलो तेव्हा सकाळीच फलाटावरच्या बाकाला हात लावता येत नव्हता. तिथल्या संस्थेच्या गृहस्थांनी सहा पत्र्याच्या पेट्या दिल्या. प्रत्येकीत ब्लेड, दोरा, साबण आणि पाणी उकळायचं भांडं. सोबत दर्यापूरपलीकडच्या एका गावातल्या सहा सुइणींची यादी. "सगळं पक्कं आहे," ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस दिसला की मी अजूनही सावध होते.

मूर्तिजापूरला उतरून छोट्या रेल्वेने दर्यापूर, पुढे छकडा. आता म्हणे रस्ता चांगला आहे. तेव्हा हाडं खिळखिळी झाली. हा सगळा खारपाण पट्टा, विहिरीच्या पाण्याचा चहासुद्धा खारट लागायचा. पाटलांकडे उतरलो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि असा ठेचा की इंग्रिडला तासभर बोलता येईना. दुभाषीला तेवढीच विश्रांती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी अंथरून बसलो. कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पाटील म्हणायचे, "येतीन ना बाई, निरोप धाडला." त्यांच्या सुनेला नववा लागला होता. ती कमरेवर हात ठेवून यायची आणि पेट्यांकडे बघत राहायची.

शेवटी वैतागून इंग्रिडला घेऊन मीच गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत गेले. यादीतलं पहिलं नाव कौसाबाईचं. ती दारात तूर निवडत होती.

"ते काम सोडलं आमी," ती म्हणाली. "छपन साली धम्म घेतला तवाच. साऱ्याजणींनं."

"पण का?"

"मागच्या दारानं जाचं, नाळ कापाची, अन् आमी निंघालो का त्याईनं घर धुवाचं. आता नाई."

"मग गावातली बाळंतपणं कोण करतं?"

"ज्याची त्यानं. मागच्या पावसाळ्यात एक गेली."

माझा पारा चढला. "अहो, आम्ही पंधरा दिवसांनी जाणार. पाटलांच्या सुनेचं काय? तिचा जीव गेला तरी तुम्ही मानापमान धरून बसणार?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग तुमी कापा ना नाळ, बाई. तुमाले त सारं तोंडपाठ असंन."

मी? इंग्रिडचे धडे मराठीत करताना खरंच सारं तोंडपाठ झालं होतं. ते आपण करावं हे मात्र एकदाही मनात आलं नव्हतं. राग आला, पण तिचाच आला.

मग तिनं अट घातली: पाटलीणबाईनंही शिकायचं, एकाच सतरंजीवर. पाटलीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मी नाळ कापू? येड लागलं का तिले?" इंग्रिडने निरागसपणे विचारलं, सतरंजी लहान पडतेय का? मी म्हटलं, हो, फारच लहान.

चार दिवस मी त्या उन्हात ओसरी ते वस्ती खेटे घातले. दोघींपैकी कोणी तसूभर हलेना. त्यात इंग्रिडला ऊन लागलं. तिला दर्यापूरच्या दवाखान्यात पोचवून परतले, तर भर दुपारी सुनेच्या कळा सुरू झालेल्या. दर्यापूर गाठायला वेळच नव्हता.

पाटलीणबाई अनवाणी वस्तीत गेल्या. स्वतः गेल्या. कौसाबाई त्यांच्याबरोबर आली ती पुढच्या दारानं, आणि आल्या आल्या म्हणाली, "पाटलीनबाई, पानी उकळा. बाई, तुमी हात धुवा."

मुलगी झाली. कौसाबाईनं दोऱ्याच्या गाठी मारल्या आणि उकळलेलं ब्लेड माझ्या हातात दिलं. "कापा." नाळ मी कापली. मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरला, इंग्रिड येईपर्यंत मीच शिकवलं. सतरंजीच्या एका टोकाला पाटलीणबाई, दुसऱ्याला कौसाबाई, मधे हातभर मोकळी जागा. इंग्रिड परतली ती बरोबर तिथंच बसली. तिला काही कळलंच नव्हतं. यादीतल्या सहापैकी कौसाबाई धरून दोघीच आल्या, बाकीच्यांनी चक्क नाही म्हटलं. आता मला ते पटतं.

परतताना बसने अमरावती, बडनेऱ्याहून गाडी. पुण्याला घराच्या पायरीवरूनच मी आईला ओरडून सांगितलं, "आई, मी नाळ कापली!"

आई दारातच थांबली. बाळाचं, बाळंतिणीचं काही विचारलं नाही. "कशाला हात लावू नकोस. मागच्या दारानं जा, आधी डोक्यावरून अंघोळ कर. आणि शेजारी बोलू नकोस."

सहा बायकांनी जे ठाम नाकारलं होतं, त्याला मी एका संध्याकाळपुरतंही नाही म्हटलं नाही. मुकाट्यानं मागच्या दारानं गेले आणि न्हाले.