आत्याचा तळहात

लोणारच्या बसस्टँडबाहेर भज्यांची गाडी लावणाऱ्या माझ्या आत्याने जन्मात कुणाला ‘तू कोणाचा?’ असं विचारलं नाही. आमच्याकडे हा प्रश्न नावाच्याही आधी येतो. कोणाचा, कोणत्या गावचा, गावात कोणत्या बाजूचा. उत्तर मिळालं की विचारणारा निवांत होतो, नाहीतर जरा मागे सरकतो. तिच्या गाडीवरचा निळा झेंडा पाहून काही गिऱ्हाइकं मुकाट्याने पुढच्या गाडीवर जात. ती बघायची आणि पुढचा घाणा तेलात सोडायची. “आलेल्याले कोनाचा हायेस, असं इचारू नाही वं,” ती मला सांगायची. “जेवला का, एवढंच इचारावं.” आणि ते मात्र ती सगळ्यांना विचारायची, कंडक्टरला, सरोवर बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना, गाडीखाली झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा.

माझ्या आठवणीत तिचा उजवा हात मिटलेलाच आहे. मी शाळेत असताना मागे घेताना एका जीपचा तिच्या गाडीला धक्का लागला, कढई कलली आणि उकळतं तेल तिच्या तळहातावर आलं. जखम भरली, पण भरताना कातडी आखडली आणि बोटं आत ओढली गेली. ती डाव्या हाताने भजी सोडायला शिकली, आणि चव काही बदलली नाही. कामाचं तिला फार वाटत नसे. वाटायचं ते पौर्णिमेला. विहारात वंदनेला सगळे हात जोडून बसत आणि आत्या त्या आखडलेल्या मुठीवर डावा तळहात ठेवून बसायची. “मले बाकी काही नको,” ती म्हणायची, “एकदा दोन्ही हात सारके जुळले पाह्यजेत.”

मी पुण्याला संशोधन करायला गेले ते काही तिच्या हातासाठी नाही. तसं सांगायला बरं वाटलं असतं, पण मला जिथे प्रवेश मिळाला तिथे हे काम चालत होतं. पॉलिमरच्या अतिबारीक धाग्यांची जाळी करायची, तिच्यावर माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या. पेशी पसरत जातात आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. सुट्टीत मी हे आत्याला समजावत बसले. दोन चहा झाले तरी माझं संपेना. तिने झारा निथळत विचारलं, “म्हंजे स्लॅबचं सेंटरिंगच न? स्लॅब पक्का झाला का फळ्या काढून घ्याच्या?” मी हो म्हटलं आणि जरा रागच आला, कारण यावर मी परिषदेत वीस मिनिटं बोलले होते.

पुढे आमच्या सरांना लोणारच्या सरोवरातल्या जंतूंची माहिती लागली. त्या खारट पाण्यातले काही जंतू, आपण चरबी साठवतो तसा, पोटात पॉलिमर साठवतात आणि तो शरीरात विरघळू शकतो. सर स्वतः गाळ न्यायला आले. आत्याने त्यांना आधी बसवून भजी खाऊ घातली आणि मगच कशाला आलात ते विचारलं. ऐकून ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. “आमी जन्मभर नाक दाबून राह्यलो त्या वासानं. अन् तुमी त्याच्यातून चामडी काढता?” सरांना अर्धंच कळलं, पण तेही हसले. गाळाचे डबे जीपमध्ये चढेपर्यंत आत्या तिथे उभी होती, आणि तेव्हापासून सरोवराकडे बघताना ती नाक दाबेनाशी झाली.

त्यानंतर मी उतरले की बसच्या दारातच प्रश्न यायचा. “झाली का वं माही चामडी?” नाही झाली, मी सांगायची. जाळी लवकर विरघळते आहे. पुढच्या वेळी, जाळी टिकते पण पेशी धरत नाहीत. “बरं बरं. जेवली का?” डॉक्टरांनी तिला मांडीची कातडी काढून हात मोकळा करून देतो म्हणून कधीच सांगितलं होतं. ती त्यांना म्हणायची, भाची करून राह्यली, तिचं होऊ द्या.

तिचं हे थांबणं मला जड जायला लागलं. कारण मला दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं. जाळी जमली असती तरी आधी प्राण्यांवर, मग परवानग्या, मग मोजक्या माणसांवर. त्यात वर्षं जातात आणि तिचे केस पांढरे होत चालले होते. एका दुपारी गाडीच्या मागे बसून मी सांगून टाकलं, “आत्या, माझ्यासाठी नको थांबू. तुझ्या वेळेत नाही व्हायचं हे.” तिने बराच वेळ कांदा चिरला. मग म्हणाली, “कोनाच्या तरी येळेत होईन न?” मी म्हटलं, होईल. “मंग झालं.”

मग मांडीच्या कातडीचं ते ऑपरेशन पुण्यालाच झालं. हॉस्पिटलात एक पद्धत होती: ऑपरेशनात कापून उरलेली कातडी, पेशंटची संमती असेल तर, आमच्या लॅबकडे येई. आत्याने डॉक्टरांना आधी जेवलात का म्हणून विचारलं आणि मग सही केली. “माह्या भाचीच्या हाती पडली पाह्यजे.” डॉक्टर म्हणाले, पडेल, पण नाव जात नाही, नुसता क्रमांक जातो. आत्या माझ्याकडे वळली. “नाव कायले लागते? तू वळखशीन न मले?”

मी म्हटलं, “हाव.”

महिनाभर ती माझ्या खोलीवर राहिली. आजूबाजूच्या दारांना जेवले का विचारत हिंडली. सुरुवातीला लोक तिच्या बोलीला हसले; ती गेल्यावर तेच जिन्यात अडवून विचारायला लागले, आत्या परत कधी येणार? बोटं हळूहळू सरळ झाली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला मी मुद्दाम लोणारला गेले. वंदना सुरू झाली आणि आत्याने दोन्ही तळहात एकमेकांवर टेकवले. बोटाला बोट लागलं. तिने डोळे मिटायचे सोडून हातांकडेच बघत सगळी वंदना म्हटली.

त्या हिवाळ्यात ती गेली. संध्याकाळी गाडी बंद करून घरी आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि पाणी आणेपर्यंत संपलं. मी पोचले तेव्हा कुणीतरी तिचे हात छातीवर जोडून ठेवले होते. सारखे. बसस्टँडवर आता तिच्या जागी मोबाइलच्या कव्हरची गाडी लागते. बसमधून उतरलं की मी अजून दारातच क्षणभर थांबते, आणि मागचे लोक चला म्हणतात.

मला ती हवी आहे. याहून शहाणं काही मला सुचत नाही.

आमच्या जाळीवर आता पेशी धरायला लागल्या आहेत. लोणारच्या गाळातल्या जंतूंच्या पॉलिमरची जाळी आणि तिच्यावर माणसाच्या कातडीचा सलग, पातळ थर. पहिल्यांदा दिसला तेव्हा सर खुर्चीतून उठले. तो नमुना कोणाचा, मला माहीत नाही. त्या हॉस्पिटलातून आलेले नमुने आमच्याकडे गोठवून ठेवलेले आहेत, त्यांतलेच आम्ही आळीपाळीने वाढवतो, आणि त्यांत कुठेतरी आत्या आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मी खूप शोधलं. सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मी तिला हाव म्हणाले होते, आणि मला ओळखता येत नाही.

रोज सकाळी पेशी वाढवायच्या बाटल्यांतलं जुनं पाणी काढून नवं घालावं लागतं, त्यातच पेशींचं अन्न असतं. लॅबमध्ये याला खाऊ घालणं असंच म्हणतात. मी आता क्रमांक वाचते तो फक्त नोंदीपुरता. कोणाची, हे विचारत नाही. झाकण उघडते आणि मास्कच्या आतल्या आत, शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, प्रत्येक बाटलीला विचारते, “जेवली का वं?”