कोशिराची सात छपरं

तोकुजी कुरामोचीचा हात समुद्रावर बसलाय, असं तोक्योतले छपाईवाले म्हणायचे. चित्रकार रेखाटन करून मोकळा व्हायचा, कोरणारा ते चेरीच्या लाकडात कोरून द्यायचा. पण त्या लाकडी ठशांवरून कागदावर समुद्र उतरायचा तो छापणाऱ्या तोकुजीच्या मनगटातून. क्षितिजावरचा गडद निळा असा विरत यायचा, की किनाऱ्याशी नुसता ओलावा उरावा. छपाईचे कागद भिजवून ठेवायचं काम त्याच्या बायकोचं, इशिनोचं.

'कोशिराचा किनारा' हे त्याच्या हातचं सगळ्यात खपलेलं चित्र. कोशिरा हे इशिनोचं माहेर. चित्रात खडकाच्या आडोशाला सात छपरं होती, त्यातलं टोकाचं तिच्या बापाचं.

१९३३च्या मार्चमध्ये उत्तरेला धरणी हलली आणि मागोमाग समुद्र गावात शिरला. आई, बाप, धाकटी बहीण, कुणीच उरलं नाही. इशिनो जाऊन आली. "ओळखायला काही नव्हतं," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद भिजवायला बसली.

महिन्याभरात प्रकाशक हिरुमा ठसे घेऊन दारात हजर.

"कुरामोची, कोशिराला मागणी आलीय. दोनशे प्रती काढा. ती छपरं तेवढी तासून टाकलीत. बघणाऱ्याला उगाच चुटपुट नको. शिवाय नुसता समुद्र जास्त आधुनिक दिसतो, असं चित्रकारही म्हणाले."

तोकुजीनं ठशावरून अंगठा फिरवला. छपरांच्या जागी ताजा, फिकट खळगा होता.

"मी नाही छापणार."

"तुम्ही नाही तर दुसरा छापेल."

"मग त्यालाच द्या."

हिरुमानं तसंच केलं. त्यानंतर तोकुजीकडे एकही चित्र आलं नाही. बाकीचे प्रकाशकही त्याला टाळू लागले.

एकदा जेवताना इशिनो म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणायला सांगितलं कुणी?"

"अगं, तुझं घर तासलं त्यांनी!"

"घर समुद्रानं नेलं. हिरुमानं लाकूड तासलं. मला विचारलंत तरी का? चित्र निघायचं ते निघालंच. निदान समुद्र तरी तुमच्या हातचा असता."



पुढं तोकुजीनं चहाच्या डब्यांची वेष्टनं छापली. एका दुकानात ते नवं चित्र त्याला दिसलं. समुद्र भिंतीसारखा सपाट होता आणि गिऱ्हाईक तो कौतुकानं न्याहाळत होतं. घरी येऊन तो पुन्हा वेष्टनं छापायला बसला.

चार वर्षांनी इशिनो छातीच्या दुखण्यानं गेली. तिच्या माहेरी कळवायला कुणी नव्हतं.