राखेच्या रेघेपलीकडे

गावात उंदीर मरून पडू लागले तसे आम्ही सगळे येरमाळ्याकडच्या माळावर कडब्याच्या खोपी घालून राहिलो. माझे थोरले दीर चार दिवसांपूर्वीच प्लेगनं गेले होते. म्हणून जाऊबाईंची खोप वेगळी, आणि मध्ये राखेची रेघ. ती ओलांडायची नाही, हा सासऱ्यांचा हुकूम. त्यांनी सरकारी दवाखान्यात मलमपट्टीचं काम केलेलं, त्यामुळे माळावर त्यांचाच शब्द चाले.

भर दुपारी जाऊबाई सरपण फोडत होत्या. कुऱ्हाड निसटून मांडीत बसली. बाकीची माणसं कामाला गेलेली; किंकाळी ऐकून मी आणि सासरे रेघेपर्यंत धावलो. माझ्या छातीशी तीन महिन्यांचं लेकरू. सासरे दिसताच जाऊबाईंनी काय करावं? डोक्यावर पदर ओढला आणि जखमेवर लुगडं! ते बघता बघता भिजत चाललं.

"दाब पोरी, जखम दाब!" सासरे ओरडले. त्या हलेनात. सासऱ्यांसमोर मांडी कशी उघडी टाकायची? असा संताप आला मला त्या लाजेचा!

शेवटी सासऱ्यांनीच पाठ फिरवली. "धाकटे, तू बघ आन् मला सांग."

"रगत लई येतंय, मामंजी."

उकळून वाळवलेलं जुन्या लुगड्याचं धडपं त्यांनी खोपीतून आणून मागच्या मागे माझ्या हाती दिलं. मी ते पलीकडे फेकलं. "घडी करून दोन्ही हातांनी दाब म्हणावं. आडवी हो म्हणावं." मी सांगत गेले, त्या करत गेल्या. रक्त जरा ओसरलं. मग जाऊबाईंचे हात सैल पडले.

"मामंजी, त्या दाबंनात!"

ते वळले, माझ्याकडे बघितलं. मी लेकराला आवळलं आणि एक पाऊल मागे सरले.

त्यांनी तोंडाला उपरणं बांधलं, हातांना फडकी गुंडाळली, पिसवा चढू नयेत म्हणून पायांना घासलेट चोळलं आणि रेघ ओलांडली. पट्टी आवळल्यावर फडकी तिथंच जाळली. मला वाटलं, आता परत येतील. ते पलीकडेच दगडावर बसले. "माझी भाकर रेघंवर ठिवत जा," म्हणाले.

आपल्याला जावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. रोज भाकरी ठेवताना त्यांची चाल निरखायची, जांघेत गाठ तर आली नाही ना म्हणून.

पंधरा दिवसांनी त्यांनी पायानं राख विस्कटली आणि अलीकडे आले. मागे जाऊबाई, लंगडत, पदर तसाच ओढलेला. मी पाया पडायला वाकले, आणि माझा हात मध्येच थांबला.

त्यांनी ते पाहिलं. "थांब," म्हणाले, "आदी मला आंघूळ करू दे."