हद्दपार माणसाच्या बॅगेतलं गावचं सामान

ती घटना आजही माझ्या मनातून पुसली गेलेली नाही. हज हंगामासाठी मी पोलीस खात्यातून जेद्दाला प्रतिनियुक्तीवर होतो. हरवलेले पासपोर्ट शोधायचे, चुकलेल्या यात्रेकरूंना बसपर्यंत पोचवायचं, एवढंच काम. एका बुधवारी तिथेच नोकरी करणारी, आमच्या रायगडची एक नर्स ड्यूटीच्या कपड्यातच टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, माझ्या नवऱ्याला परत पाठवतायत. मला शेजारणीकडून कळलं. म्हणते, 'भाभी, तुमचे मियाँ गावी निघालेत, मी अत्तर दिलंय त्यांच्याबरोबर.'"

ती सुट्टीवर गावी गेली असताना याच नवऱ्याने तिच्या हातावर कोयत्याने वार केला होता. गुन्हा आमच्या जिल्ह्यात दाखल, आरोपी फरार. तो तिच्या मागोमाग जेद्दात येऊन लपला, व्हिसाची मुदत संपल्यावर पकडला गेला आणि हद्दपारीच्या कोठडीत पोचला. आठ वर्षांची मुलगी गावी आजीजवळ होती. 'सुटलो की आधी पोरीला उचलणार,' ही त्याची धमकी होती. तो कधी सुटणार, हे पोरीच्या आईला कोणी कळवलं नव्हतं.

मी त्याच्या जुन्या खोलीवर गेलो. तिथे मला चौकशीचा अधिकार नव्हता. चहा पिण्याचा होता. खोलीतला गाववाला खोटं बोलायला घाबरत होता, पण बोलत होता.

"विमान कधीचं आहे?"

"माहीत नाही साहेब, कसम."

खोटं बोलणारा माणूस एका ठिकाणी बघायचं टाळतो. हा कोपऱ्यातल्या, फुगून चेन उघडी राहिलेल्या बॅगेकडे बघत नव्हता.

"बॅग कोणाची?"

"त्याचीच. उद्या पोचवायची आहे."

"तो लहान मुलाचे बूट घालतो?"

गडी हसला आणि खलास! "आता साहेब, गावी निघालेला हद्दपार असो की नवरदेव, सामान द्यायचंच ना!" प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी होती: शुक्रवारी सकाळी मुंबई विमानतळावर येऊन घेणे.

मी गावच्या पोलीस ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली, गुरुवारी मुलगी मामाकडे पोचली. शुक्रवारी मुंबई विमानतळावरून आमच्या हवालदाराचा फोन आला.

"साहेब, आरोपी ताब्यात घेतला. पण सामान न्यायला नऊ जण आलेत!"

"त्यातल्याच दोघांना पंच कर. पंचनामा झाला की ज्याचं त्याला दे."

नर्सला कळवलं, तर ती रडता रडता हसायला लागली.

हल्ली अशा सुटकेची खबर पीडितांना देण्याच्या कायद्याचा मसुदा चर्चेत आहे. कागदपत्रं वाढतील, अशी कुरकुर ऐकतो. वाढू द्या! आरोपीचा ठावठिकाणा आम्ही पोलीस आपली मालमत्ता समजत आलो, मीही समजत होतो. त्या बाईने मला शिकवलं की ती माहिती सर्वांत आधी जिच्या दारात तो उभा राहणार, तिची आहे. मसुद्यात 'सुटकेनंतर कळवावे' असं म्हटलंय. मी हरकत पाठवली आहे: आधी कळवा. पोरीला मामाकडे न्यायला वेळ लागतो.