चिमट्यातलं निळं फूल

माझ्या मामाचा फोटोचा धंदा. समोर बसलेल्याला तो इतक्यांदा “हलू नका” म्हणायचा, की गावानं त्याचं नावच ‘हलूनका’ पाडलं. खुर्चीमागे लोखंडी चिमटा होता. त्यात मान अडकवली की चुळबुळ्या माणूसही खांबासारखा बसे.

तेव्हा रंगीत फोटो काचेवर निघत, आणि भिंग वीस मोजेपर्यंत उघडं ठेवावं लागे. का, ते मला विचारू नका. मी चौथीपर्यंत शिकलेली. कॉलेजच्या मास्तरांना रानफुलांचं पुस्तक काढायचं होतं. त्यांनी मामाला तीन काचा दिल्या.

“डोंगरावरचं निळं फूल हवं. जागच्या जागी, उन्हात, आहे तसं. जमलं तर बाकीच्या चाळीस फुलांचं कामही तुमचं. नाही तर शहरातला माणूस बोलावतो.”

फूल आठवडाभरच टिकणारं. पहिल्या काचेवर वाऱ्यानं नुसता निळा धूर उमटला. मग मामानं अक्कल चालवली. देठाला बारीक तारेचा चिमटा लावला. फोटो अगदी स्वच्छ आला.

“हे फूल आहे की तुमचं गिऱ्हाईक?” मास्तर म्हणाले. “मान बघा कशी ताठ! हे फूल जन्मात वर बघत नाही.”

मामा खजील झाला. शेवटची काच घेऊन तीन दिवस डोंगरावर बसला, वारा पडायची वाट बघत. दुकानाला कुलूप. चौथ्या दिवशी मामी तणतणत वर गेली.

“घरदार आहे, की विसरलात?”

“बरी आलीस. ही चादर धर, वाऱ्याच्या बाजूला उभी राहा.”

“मी भांडायला आलेय!”

“भांड की. वीस मोजून झाल्यावर.”

मामी उभी राहिली. मामानं भिंगावरचं टोपण काढलं. सातला तिच्या नाकावर माशी बसली; तिनं नाक फेंदारलं, पण हात हलवला नाही. अकराला फूल जरासं लवलं. मामाचा हात टोपणाकडे गेला आणि थांबला. वीस झाले. मग मामी मनसोक्त भांडली.

मास्तरांनी काच खिडकीशी धरली. फूल खाली बघत होतं. एक पाकळी पुसट. साध्या फोटोत मामानं ती ब्रशनं सावरली असती. रंगीत काचेवर ते जमत नसे.

“ही हलली.”

“हलली. वारा होता.”

“म्हणजे आहे तसं,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी चाळीस फुलांची यादी पुढे केली. मामीनं ती मामाच्या हातातून घेतली.

“यातली उघड्या माळावरची कुठली, ते आधी सांगा,” ती म्हणाली. “एक चादर पुरायची नाही.”